तीसपैकी तीस, पण स्क्रू गेज हातात धरलाच नाही: लातूर-नांदेडच्या प्रयोगशाळांचं नेमकं काय झालंय?

जानेवारी संपत आला की लातूर आणि नांदेडच्या झेरॉक्स दुकानांत एक वेगळीच गर्दी दिसते. पोरं जर्नल पूर्ण करत असतात. वर्षभराचे प्रयोग चार रात्रींत. मागच्या वर्षीच्या दादाचं नाहीतर ताईचं जर्नल समोर ठेवायचं, रीडिंग उतरवायची, दोन-तीन आकडे इकडेतिकडे करायचे म्हणजे एकसारखं दिसत नाही, आणि आलेख काढताना सगळे बिंदू बरोब्बर रेषेवर बसवायचे. मग प्रॅक्टिकलची परीक्षा, एक्सटर्नल येणार, पाच मिनिटं तोंडी, आणि निकालात तीसपैकी अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

बारावी सायन्स केलेल्या कुणालाही विचारा, गोष्ट थोड्याफार फरकाने हीच निघते. ती फक्त लातूर-नांदेडची नाही, मुंबई-पुण्यातही हेच चालतं. पण लातूर-नांदेडचं वेगळं यासाठी आहे की इथली अख्खी अर्थव्यवस्थाच सायन्सवर उभी आहे. लातूरचा उद्योग भवनाभोवतीचा ट्यूशन एरिया घ्या किंवा नांदेडचं श्यामनगर, भाग्यनगर घ्या. रूम, मेस, अभ्यासिका, पुस्तकांची दुकानं, सगळं फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीच्या जिवावर चालतं. परभणी, हिंगोली, बीड, यवतमाळपासून आईबाप लेकरांना इथे आणून सोडतात. आणि ज्या शहरात सायन्स एवढं विकलं जातं, तिथे प्रयोग ही सगळ्यात स्वस्त वस्तू झालीय. जवळपास फुकट.

हे झालं कसं, ते आकड्यांत बघू.

महाराष्ट्र बोर्डात बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी या तिन्ही विषयांना लेखी ७० आणि प्रॅक्टिकल ३० गुण. म्हणजे तीन विषयांचे मिळून ९० गुण प्रयोगशाळेत ठरतात. ऐकायला भारी वाटतं. पण डॉक्टर व्हायचं असेल तर या ९० गुणांचा उपयोग काय? नीटला बसायला खुल्या प्रवर्गातल्या मुलाला पीसीबीमध्ये एकत्रित ५० टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गाला ४०. तेवढे पडले की बारावीचं काम संपलं. पुढे मेडिकलची सीट ठरते नीटच्या ७२० गुणांवर. १८० प्रश्न, बरोबरला चार, चुकीला वजा एक. २०२५ मध्ये देशभरातून सुमारे २२ लाख मुलांनी ही परीक्षा दिली. या गर्दीत ज्याला पुढे सरकायचंय तो टायट्रेशन करत दोन तास उभा राहील, की त्याच दोन तासांत ९० एमसीक्यू सोडवेल?

उत्तर सोपं आहे, आणि ते देणारी पोरं आळशी नाहीत. पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत खुर्चीत बसणारी लेकरं आहेत ती. त्यांनी फक्त हिशोब केलाय. हिशोब ज्या परीक्षेने मांडून दिला, तिला जाब विचारायचा सोडून आपण व्हॉट्सॲपवर 'आजकालच्या पोरांना प्रयोग नको असतात' असं फॉरवर्ड करतो.

आधी हे एवढं टोकाचं नव्हतं. लातूर पॅटर्न नावारूपाला आला तो बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांच्या काळात. राजर्षी शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज ही नावं राज्यभर गेली ती बारावीच्या निकालांमुळे. जादा तास, सुट्टीतले वर्ग, सराव परीक्षांवर सराव परीक्षा आणि शिक्षकांनी पेपर तपासून चुका दाखवून देणं, असं ते सूत्र होतं. नव्वदच्या दशकात मेडिकलचे प्रवेशही बारावीच्या पीसीबी गुणांवर व्हायचे. म्हणजे प्रॅक्टिकलचे गुण थेट सीटपर्यंत पोचायचे. तेव्हाही एक्सटर्नलला चहा-पोहे होतेच आणि सढळ हाताने गुण देणं तेव्हाही होतं, उगाच तो काळ सोन्याचा होता असं म्हणायचं कारण नाही. पण प्रयोगशाळेत जाण्यामागे एक स्वार्थ होता. आधी राज्याच्या सीईटीने आणि मग नीटने तो स्वार्थच काढून घेतला.

त्यानंतर आलं इंटिग्रेटेड. प्रवेश एका कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये, कॉलेजचं तोंड बघायचं ते परीक्षेपुरतं. राज्य सरकारने २०१८ मध्ये अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो याच कारणाने. अंगठा लावून कॉलेजात या, असं. पण अंगठा लावून आलेला मुलगा प्रयोगशाळेत गेला का, गेला तर त्याने हातात काय धरलं, हे कुठलंही मशीन सांगत नाही. त्यात प्रयोगशाळा सहाय्यक, परिचर अशा शिक्षकेतर पदांची भरती वर्षानुवर्षं रखडलेली, हा राज्यभरातल्या संघटनांचा जुना आक्षेप. द्रावणं बनवायला माणूस नाही, ब्युरेट धुवायला माणूस नाही, मग सर तरी एकटे ऐंशी पोरांच्या बॅचेस कशा घेणार?

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे ना, पोरं डॉक्टर होतायत, प्रयोग नाही केला तर बिघडलं काय?

यासाठी एक प्रश्न बघा. २०१८ च्या नीटमध्ये आलेला. एका मुलाने स्क्रू गेजने स्टीलच्या छोट्या गोळीचा व्यास मोजला. लीस्ट काउंट ०.००१ सेंटिमीटर, मुख्य पट्टीवर ५ मिलिमीटर, गोल पट्टीवर २५ भाग, आणि झिरो एरर उणे ०.००४ सेंटिमीटर. खरा व्यास किती?

पहिली पायरी सगळ्यांना येते. ०.५ अधिक ०.०२५, झाले ०.५२५. गंमत पुढे आहे. झिरो एरर उणे आहे, मग ०.००४ वजा करायचे की मिळवायचे? ज्याने 'उणे आहे म्हणजे वजा' असं केलं त्याचं उत्तर ०.५२१ आलं आणि गेलं. बरोबर उत्तर ०.५२९. एका चिन्हात पाच गुणांचा फरक, मिळणारे चार गेले आणि वरून एक कापला.

क्लासमध्ये यावर सूत्र पाठ करून घेतात, 'खरं माप म्हणजे घेतलेलं माप वजा झिरो एरर', आणि वजा-वजा अधिक. पाठ असतं तोवर चालतं. पण ज्याने स्क्रू गेज एकदा तरी हातात घेतलाय त्याला सूत्राची गरजच पडत नाही. त्याने रॅचेट टकटक आवाज येईपर्यंत फिरवलेली असते, मध्ये काहीही नसताना दोन्ही टोकं टेकवलेली असतात आणि बघितलेलं असतं की गोल पट्टीचा शून्य मधल्या रेषेवर थांबायच्या ऐवजी चार घरं पुढे निघून गेलाय. म्हणजे हे यंत्र शून्याच्याही चार घरं मागून मोजायला सुरुवात करतं, म्हणजे ते प्रत्येक वस्तू चार घरं कमी दाखवणार, म्हणजे आपण चार मिळवायचे. काही शे रुपयांचं यंत्र आणि दहा मिनिटं, एवढ्यात कळणारी गोष्ट आहे ही.

आणि हे अपवादाने आलेलं नाही. २०२४ पासून लागू झालेल्या नीटच्या सुधारित अभ्यासक्रमात फिजिक्सचं विसावं युनिट आहे 'प्रायोगिक कौशल्यं'. व्हर्नियर, स्क्रू गेज, साधा लंबक, मीटर ब्रिज, झेनर डायोड. केमिस्ट्रीचं विसावं युनिट आहे प्रॅक्टिकल केमिस्ट्रीमागची तत्त्वं. ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन, मोहर सॉल्ट, क्षार ओळखणं. म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनाही प्रयोग हवेत, फक्त ते कागदावर हवेत. प्रयोगशाळेत न जाता प्रयोगावरचे प्रश्न सोडवायचे. पोहायचं पुस्तक वाचून विहिरीत उडी मारण्याचा प्रकार आहे हा.

जर्नलमधल्या ज्या गोष्टी निरर्थक वाटतात त्यांच्यामागेही कारण असतं, आणि ते उतरवताना कळत नाही. साध्या लंबकाच्या प्रयोगात वीस झोक्यांचा वेळ मोजा असं लिहिलेलं असतं. वीसच का? एक मीटर दोरीच्या लंबकाला एका झोक्याला साधारण दोन सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबायला आपल्या बोटाला ०.२ सेकंदाचा उशीर झाला असं धरा. एकच झोका मोजला तर चूक दहा टक्के. वीस झोके मोजले तर चाळीस सेकंदांत तोच ०.२ सेकंद, म्हणजे अर्धा टक्का. बोट तेच, घड्याळ तेच, चूक वीसपट कमी. हे ज्याला पहिल्यांदा स्वतः जाणवतं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पण आपल्याकडे पद्धत उलटी. उत्तर ९.८ यायला पाहिजे हे आधी माहीत असतं, तिथून मागे येत रीडिंग तयार करायची. मुलगा सोळा-सतराव्या वर्षी शिकतो काय, तर आकडे उत्तराला जुळवून घ्यायचे. हे शिक्षण नाही असं कोण म्हणेल? फक्त ते फिजिक्सचं नाही.

२०२४ च्या जूनमध्ये नीटच्या गैरप्रकारात लातूरमधून शिक्षकांची धरपकड झाली आणि तपास सीबीआयकडे गेला, तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. त्या प्रकरणाचा आणि जर्नलचा थेट संबंध जोडणं बरोबर नाही. पण उत्तर महत्त्वाचं, ते कसं आलं ते नाही, हा धडा पोरांना पहिल्यांदा मिळतो तो कुठे, याचा विचार मात्र करायला हवा.

बरं, सीट मिळाली. पुढे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीची प्रॅक्टिकल सुरू होतात. साहली पद्धतीने हिमोग्लोबिन काढायचं, पिपेटमध्ये नेमकं २० मायक्रोलिटर रक्त ओढायचं. नीटला साडेसहाशे पडलेला हात तिथे थरथरतो. तरी तो नशीबवान, त्याला शिकायला तिथे पाच वर्षं आहेत. ज्याला सीट मिळाली नाही त्याचं काय? ट्यूशन एरियातली बहुतेक पोरं त्याच रांगेत असतात. दोन वर्षं रिपीट करून ती शेवटी बी.एस्सी.ला येतात. केमिस्ट्रीचा पदवीधर औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला मुलाखतीला गेला की पहिला प्रश्न टायट्रेशनचा असतो आणि दुसरा 'करून दाखव' हा.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. मराठवाड्यात मोजमापावर रोज पैसे जातात. सोयाबीनचंच घ्या. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ. हमीभावाने खरेदी करताना ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४ च्या हंगामात पावसाने माल भिजला, केंद्रांवरून ट्रॅक्टर परत जायला लागले, निवडणुकीच्या तोंडावर मुद्दा तापला आणि नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ती मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवली. तेव्हा आपण सगळ्यांनी राजकारणाच्या बातम्या केल्या. पण १४ टक्के आहे की १६, हे ठरवतं कोण? टेबलावर ठेवलेलं एक छोटं मीटर. दाण्यांत पाणी जास्त असेल तर त्यांचे विजेचे गुणधर्म बदलतात, ते मोजून मीटर टक्का दाखवतं. आणि प्रत्येक मीटरला झिरो एरर असू शकते. त्याला पडताळून घ्यावं लागतं.

हिशोब करा. समजा आडतीवर ओलाव्याच्या जादा टक्क्यामागे क्विंटलला एक किलो कट लावला. वीस क्विंटल मालाला मीटरने एक टक्का जास्त दाखवला तर गेले वीस किलो. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, म्हणजे हजार रुपयांच्या वर. आणि खरेदी केंद्रावर तर कट नाही, थेट माल परत. भाड्याचा ट्रॅक्टर, हमाली, सगळं अंगावर. त्या शेतकऱ्याची पोरगी लातूरला फिजिक्सच्या झिरो एररवर दोनशे एमसीक्यू सोडवतेय. पण बापाच्या मालावर लावलेल्या मीटरला हाच नियम लागू होतो, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

हा ओलावा तपासायचा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत होऊ शकतो. सोयाबीन भरडायचं, लगेच वजन करायचं, हॉट एअर ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवायचं, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत. १०० ग्रॅमचे ८६ झाले तर ओलावा १४ टक्के. इथेही एक मेख आहे. वजनकाटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर १०० ग्रॅमच्या नमुन्यात एका ग्रॅमची चूक म्हणजे पूर्ण एक टक्का, सगळा वादच तेवढ्याचा. मग नमुना ५०० ग्रॅमचा घ्यायचा, तीच चूक ०.२ टक्क्यांवर येते. लंबकाच्या वीस झोक्यांचीच ही युक्ती. अभ्यासक्रमाचा लीस्ट काउंट आणि बाजार समितीतला लीस्ट काउंट एकच आहे.

पाण्याचंही तसंच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणायची वेळ आलेलं लातूर हे शहर. बाकी वर्षभर बोअरवर भागवायचं. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस का येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर का चढतो, याचं उत्तर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांत आहे. शाळेत दोन सारख्या बाटल्या घ्यायच्या, एकात पावसाचं साठवलेलं पाणी, दुसरीत बोअरचं, आणि साबणाचं द्रावण थेंबाथेंबाने टाकत हलवत जायचं. टिकणारा फेस यायला एकाला चार थेंब लागतात, दुसऱ्याला चाळीस लागू शकतात. सहावीतल्या पोराला जमेल. कॉलेजात याचंच ईडीटीए टायट्रेशन होतं, वाइनसारखा लाल रंग जाऊन निळा आला की थांबायचं आणि लिटरमागे किती मिलिग्रॅम ते काढायचं. भारतीय मानकात कडकपणाची इष्ट मर्यादा २०० आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे, तिथे मर्यादा १, फार तर १.५ मिलिग्रॅम. आपल्या गावचा आकडा किती हे किती सायन्सवाल्या पोरांना माहीत असेल?

यावर नेहमीचं उत्तर येतं की पैसे नाहीत, सामान नाही. काही अंशी ते खरं आहे. पण आपल्याकडे सगळ्यात स्वस्त प्रयोग गावोगाव करून दाखवले ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी, आणि त्यांच्याकडे कुठली प्रयोगशाळा होती? पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की थोड्या वेळाने आपोआप पेट घेतं, हे बुवाच्या मंत्राने नाही तर रसायनामुळे, हे त्यांनी चावडीवर दाखवलं. हळदीच्या पाण्यात पानटपरीवरच्या चुन्याची निवळी टाकली की लाल होतं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अख्ख्या पट्ट्यात हळदच हळद, आणि आमचे विद्यार्थी इंडिकेटर म्हणून फिनॉल्फ्थॅलिन हे नाव पाठ करतात. (ग्लिसरीनचा प्रयोग घरी करू नका. तो मोठ्यांनी, मोकळ्या जागेत, वाळूची बादली शेजारी ठेवूनच करायचा असतो.)

पुण्यात आयुकाच्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काडेपेट्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुन्या बाटल्या यांतून खेळणी बनवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर या वाटेला लागला तो मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान प्रकल्पात. १९७२ मध्ये सुरू झालेला तो प्रकल्प सरकारी माध्यमिक शाळांतून चालायचा. तिथे मुलं प्रयोग करून विज्ञान शिकायची, आणि मुख्य म्हणजे परीक्षाही तशीच असायची. पुस्तक उघडं ठेवून लेखी, आणि सोबत प्रत्यक्ष प्रयोगाची. शेकडो शाळांत तो पोचला आणि २००२ मध्ये सरकारने तो गुंडाळला.

मला या गोष्टीतला कामाचा भाग वाटतो तो परीक्षेचा. खेळणी, मेळावे, प्रदर्शनं आपल्याकडेही होतात. अटल टिंकरिंग लॅबला शाळेमागे २० लाखांपर्यंत निधी मिळतो आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत अशा ५० हजार लॅब उभारायची घोषणा झालीय. लॅब येतील, थ्रीडी प्रिंटर येतील, उद्घाटनाचे फोटोही येतील. पण दहावीनंतर तोच मुलगा ट्यूशन एरियात आला की त्याच्यासाठी परत ७२० गुणच उरतात.

आंतरराष्ट्रीय केमिस्ट्री ऑलिम्पियाडमध्ये ४० टक्के गुण प्रत्यक्ष प्रयोगाला असतात, फिजिक्सच्या ऑलिम्पियाडमध्येही तेवढेच. तिथे भारताची मुलं पदकं आणतात, कारण निवड झाल्यावर मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात त्यांच्याकडून प्रयोग करून घेतले जातात. २२ लाख मुलांची प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा नीटसोबत घेणं शक्य नाही, हे मान्य. पण बोर्डाच्या हातात जे ३० गुण आहेत त्यांचं काहीतरी करता येईल. लातूर विभागीय मंडळाखाली लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे येतात. ठरलेल्या यादीतला, उत्तर आधीच माहीत असलेला प्रयोग देण्याऐवजी प्रत्येक मुलाला वेगळ्या बाटलीतलं पाणी द्यायचं आणि कडकपणा काढायला सांगायचं. बाटलीवर फक्त नंबर, खरा आकडा एक्सटर्नलकडे. मागच्या वर्षीच्या दादाच्या जर्नलमधून ते उत्तर निघणार नाही.

क्लासेसचीही यात चांदी होईल म्हणा. दुसऱ्याच महिन्यात ट्यूशन एरियात 'टायट्रेशन क्रॅश कोर्स' असे फ्लेक्स लागतील, फी वेगळी, ब्युरेट त्यांचा. लागू देत. निदान ब्युरेट तरी हातात येईल.